सावजीच्या रश्श्यात धिंगरी का नाही?

प्रति,
नागपुरातल्या सावजी भोजनालयांचे मालक, मालकिणी आणि चुलीपुढे उभे राहणारे सगळे आचारी यांस,

सप्रेम नमस्कार.

या पत्राला निमित्त झालं ते सहा किलो धिंगरीचं. माझं माहेर मौदा तालुक्यातलं. तिथे माझ्या वहिनीनं आणि तिच्या बचत गटातल्या आठ बायकांनी मागच्या पावसाळ्यात एका पडक्या गोठ्यात धिंगरी अळंबी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, लावली. प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्रं वाटली गेली, पाहुण्यांसोबत फोटो निघाले. पिशव्यांतून अळंबीही छान फुटली. मग एका सकाळी सहा किलो माल एसटीनं नागपुरात आला. ज्यानं मागवला होता त्या भाजीवाल्यानं 'आज गिऱ्हाईक नाही, संध्याकाळी पाहू' म्हणून टोपली उन्हाच्या बाजूला ठेवून दिली. संध्याकाळपर्यंत धिंगरीला पाणी सुटलं, वास आला आणि टोपली परत गेली. वहिनीचा फोन आला तेव्हा ती रागावलेलीसुद्धा नव्हती. एवढंच म्हणाली, "ताई, शिकवाले लय जण आले, घ्याले कोणी नाई आलं."

तेव्हापासून मी विचार करते आहे की नागपुरात रोज ठरावीक माल घेऊ शकणारं, रोज चूल पेटवणारं आणि वस्तू चांगली असेल तर गिऱ्हाइकाच्या गळी उतरवण्याची ताकद असलेलं कोण आहे? मोठी हॉटेलं बाहेरून येणाऱ्या बटन मशरूमच्या डब्या वापरतात, त्यांना धिंगरीशी देणंघेणं नाही. लग्नाचे केटरर हंगामापुरते. फिरून फिरून उत्तर तुमच्याकडेच येतं. म्हणून हे पत्र सरकारला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. सरकारनं शिकवायचं तेवढं शिकवलं आहे. आता कोणीतरी विकत घ्यायला हवं.

माझ्याबद्दल थोडंसं. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे, महालात राहते. लग्न होऊन आले तेव्हा आमच्या गल्लीत मागाचा खडखडाट ऐकू यायचा. माग थांबले, आणि त्याच कोष्ट्यांच्या घरांतून मसाला वाटण्याचा वास यायला लागला. मागावरून चुलीवर आलेल्या माणसांना नव्या वस्तूची भीती वाटत नाही, असा माझा समज आहे. चुकीचा असेल तर सांगा.

तुमच्यापैकी एकाशी मी आधीच बोलले आहे. त्यांनी हसून सांगितलं, "मॅडम, आमच्याकडे लोक तर्रीसाठी येतात, कुकुरमुत्ता खायले नाई." ठीक आहे. पण त्यांना मी एक विचारलं आणि ते जरा गप्प झाले. तुमच्या काळ्या मसाल्यात दगडफूल असतं ना? ते दगडफूल म्हणजे काय? फूल तर नक्कीच नाही. ते शैवाक. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला संसार. घर बुरशीचं आणि स्वयंपाक शेवाळाचा. शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं, बुरशी त्याला आसरा देते. म्हणजे सावजी रश्श्याला तो जो खोल, मातकट, जंगली वास येतो त्यात बुरशीचा वाटा पिढ्यान् पिढ्या आहेच. मी तिच्या मोठ्या बहिणीला पातेल्यात जागा मागते आहे.

आता धंद्याचं बोलू. आखाडात तुमच्याकडे रांगा. मग श्रावण लागतो आणि महिनाभर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. पोळ्याच्या करीला, मारबत निघते त्या दिवशी, पुन्हा पाय ठेवायला जागा नसते. मधल्या महिन्यात तुम्ही पाटवडी, डाळकांदा, वांगं आणि पनीर यांवर दिवस काढता. त्यात पनीरचे भाव आणि नकली पनीरच्या बातम्या, दोन्हींनी तुमच्या डोक्याला ताप. नेमका हाच महिना धिंगरीचा. तिला २० ते ३० अंश तापमान आणि ऐंशी टक्क्यांच्या वरची दमट हवा लागते. श्रावणातलं नागपूर म्हणजे तेच. एसी नको, काही नको. गोठ्यात गोणपाट ओलं करून टांगलं की झालं. तुमचा मंदीचा महिना तिचा तेजीचा. हा योग मला वहिनीच्या गोठ्यात उभं असताना सुचला आणि मी स्वतःवरच खूश झाले, हे कबूल करते.

श्रावण पाळणारे सगळेच अळंबी खातील असं नाही. आमच्या शेजारच्या आजी कांदा-लसूण सोडतात तेव्हा अळंबीचं नावही घेऊ देत नाहीत, आणि जैन मंडळी तर एरवीही खात नाहीत. पण जो माणूस श्रावणात फक्त मटण सोडतो, बाकी तर्री त्याला रोज हवी असते, तो तुमचाच आहे. त्याला चावायला काहीतरी हवं असतं. पनीर दातांखाली येतं आणि विरघळतं. धिंगरीला तंतू असतात.

शिजवण्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, पण दोन पातेली बिघडवून शिकलेलं सांगते. धिंगरी चाकूनं कापू नका, देठाच्या दिशेनं हातानं लांब फाडा. धुवायची तर भर्रकन पाण्याखालून काढा. भिजत ठेवली की ती स्पंजासारखी पाणी पिते. तिच्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं, ते रश्श्यात सुटलं की तर्री फाटते आणि मसाला फिका पडतो. पहिल्या खेपेला माझं तेच झालं. यजमान म्हणाले, आमटी छान झाली. म्हणून आधी लोखंडी तवा धूर येईस्तोवर तापवा, तेल न घालता फाडलेले तुकडे थोडेथोडे टाका, पाणी सुटून आटू द्या, कडा तांबूस झाल्या की मग चमचाभर जवसाचं तेल. मीठ शेवटी. रस्सा वेगळा उकळून तयार ठेवायचा आणि वाढण्याआधी पाच-सात मिनिटं तुकडे त्यात सोडायचे. मटणासारखं तासभर शिजवायचं कारण नाही. कच्ची मात्र कधीच वाढू नका, कोशिंबिरीतसुद्धा नाही. तिच्या पेशींची भिंत कायटिनची असते, खेकड्याच्या कवचात असतं तेच, आणि कच्चेपणी ती पोटाला जड जाते.

आरोग्याची गोष्ट निघाली की लोक एकदम टोकाला जातात, म्हणून आकडे नीट सांगते. शंभर ग्रॅम ताज्या धिंगरीत साधारण ३ ग्रॅम प्रथिनं. मटणात वीसच्या आसपास. तेव्हा 'शाकाहारी मटण' असा फलक लावून प्रथिनांच्या गप्पा मारू नका. कोणी डॉक्टर गिऱ्हाईक आलं तर फजिती होईल. वाळवून पूड केली तर वजनाच्या मानानं प्रथिनं बरीच भरतात, पण वाटीभर पूड कोण खातं? सोबत डाळ हवीच. बी-१२ साठीही धिंगरीवर विसंबू नये, शाकाहारी माणसाला ते दुसरीकडूनच मिळवावं लागतं. तिची खरी बाजू वेगळी आहे. शंभर ग्रॅमला जेमतेम तीस-पस्तीस कॅलरी, चरबी नावाला, तंतुमय भाग चांगला, पोटॅशियम आहे, ब गटातली काही जीवनसत्त्वं आहेत. आणि तिच्यात नैसर्गिक ग्लुटामेट असल्यामुळे चवीला भरदारपणा येतो, त्यामुळे मीठ आणि तेल थोडं कमी पडलं तरी जिभेला कळत नाही. बीपीवाल्या तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांना, जे आता डॉक्टरच्या धाकानं महिन्यातून एकदाच येतात, त्यांना हे कामाचं आहे.

आणखी एक गंमत, जी वर्गात सांगितली की मुलं लगेच घरी जाऊन करून बघायची. अळंबीत एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. त्यावर उन्हातले अतिनील किरण पडले की त्याचं ड-२ जीवनसत्त्व होतं. आपल्या कातडीत ड तयार होतं, साधारण तशीच युक्ती. ताजी अळंबी खालच्या झालरी वर करून दुपारच्या उन्हात तासभर ठेवली तर शंभर ग्रॅमला दहा मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त ड मिळू शकतं. एरवी शाकाहारी ताटात ड शोधून सापडत नाही. नागपुरात कशाची टंचाई असेल नसेल, उन्हाची नाही. श्रावणात तेवढं ढगांना चुकवून ठेवावं लागेल.

याच्या पुढचं काही फलकावर लिहू नका, ही कळकळीची विनंती. 'साखर घटवते', 'हृदय साफ करते' वगैरे. बुरशीपासून औषधं झाली आहेत हे खरंच आहे. कोलेस्टेरॉलवरचं लोवास्टॅटिन, जे १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ते एका बुरशीतूनच मिळालं, आणि धिंगरीतही ते थोडं सापडतं. पण गोळीत मात्रा मिलिग्रॅमनं मोजलेली असते. रश्श्याच्या वाटीत कोण मोजणार? आमच्या ओळखीतल्या एका काकांनी कसल्याशा औषधी मशरूमच्या कॅप्सूल महागड्या भावानं घेतल्या आणि त्या भरवशावर साखरेची गोळी बंद केली. पुढे चार दिवस दवाखान्यात काढले. कॅप्सूल विकणारा त्यांच्या भिशीतलाच होता, त्यामुळे भांडणही झालं नाही. अळंबी ही भाजी आहे. चांगली भाजी आहे. एवढं पुरे.

आता ती उगवते कशावर, हे तुम्ही एकदा येऊन बघा. वहिनीकडे तणस, म्हणजे धानाचा पेंढा, दोन-तीन इंचांचं कापतात, रात्रभर भिजवतात, तासभर कढत पाण्यात ठेवतात आणि मुठीत दाबलं तर थेंब पडू नये इतपत निथळतात. मग पिशवीत तणसाचा थर, कडेनं बियाण्याचा थर, पुन्हा तणस. बियाणं म्हणजे गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी. पंधरा-वीस दिवस अंधारात. पिशवी आतून दुधासारखी पांढरी झाली की प्लास्टिक फाडायचं, उजेड दाखवायचा, दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारायचं. चौथ्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर, आणि मग एका रात्रीत एवढ्या झपाट्यानं वाढतात की वहिनी म्हणते, "पोरीसारख्या वाढतेत." दीड महिन्यात तीन बहार निघतात. दहा किलो सुक्या तणसावर पाच ते सात किलो ताजी धिंगरी धरायला हरकत नाही; हात बसला की त्याहून जास्त.

या बुरशीची करामत ही की ती लाकडातलं लिग्निन फोडते. लिग्निन म्हणजे झाडाला ताठ उभं ठेवणारा घट्ट भाग, जो जनावराच्या पोटालाही नीट पचत नाही. म्हणूनच मला तणसापेक्षा पऱ्हाट्यांत, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांत, जास्त रस आहे. मौदा-कुही-भिवापूरकडे तणस गुरांना लागतं, ते काढून घेऊन अळंबी लावणं मला पटत नाही. पण काटोल, सावनेर, हिंगणा या बाजूला कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या बांधावर रचतात आणि काडी लावतात. धूर आपल्या नाकात. ठेवल्या तरी पंचाईत, कारण उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून पुढच्या हंगामाची वाट बघते. त्या वेळीच बारीक करून कढत पाण्यातून काढल्या तर अळीही संपते आणि धिंगरीला जेवणही मिळतं. हे माझ्या मनचं नाही. सिरकॉट ही कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था, जिचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आपल्याच नागपुरात आहे, तिनं पऱ्हाट्यांवर धिंगरी घेण्याची पद्धत बसवलेली आहे. सोयाबीनचं कुटारही चालतं. बहार संपल्यावर उरलेला भुसा गांडूळखतात जातो. त्यातल्या त्यात खटकतं ते प्लास्टिक: एवढं सगळं निसर्गाचं करून शेवटी पिशवी पातळ प्लास्टिकचीच. वहिनीचा गट आता धुऊन वापरता येणारे भोकांचे डबे करून बघतो आहे, पण ते अजून जमलेलं नाही.

माल कोणाकडूनही घ्या, एक प्रश्न जरूर विचारा: तणस कशात भिजवलं? बऱ्याच ठिकाणी इंधन वाचवायला फॉर्मेलिन आणि कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात रात्रभर भिजवतात. पुस्तकात ती पद्धत दिलेलीही आहे. पण तुमच्या गिऱ्हाइकाच्या ताटात जाणाऱ्या वस्तूसाठी मी तरी कढत पाण्याचाच आग्रह धरीन, किलोमागे चार रुपये जास्त द्यावे लागले तरी. दुसरं, कडा वर वळलेली, पसरट झालेली धिंगरी घेऊ नका. ती जून असते आणि तिच्यातून बीजाणूंची पांढरी पूड उडते. त्या पुडीनं कोंदट खोलीत खोकला लागतो. मला लागला होता, तीन आठवडे. आता आमच्या बायका तोंडाला फडकं बांधल्याशिवाय आत जात नाहीत.

आणि सात्या, म्हणजे रानातली अळंबी. पावसाळ्यात भंडारा-गोंदियाकडून कोणी सात्या घेऊन आलं की तुमच्यातले जाणकार काम सोडून धावतात, मला माहीत आहे. मीही मागच्या वर्षी आठशे रुपये किलोनं पाव किलो घेतल्या आणि कोणाला न सांगता खाल्ल्या. सात्या उधईच्या, म्हणजे वाळवीच्या, वारुळावर येतात. उधई आपल्या घरात त्या बुरशीची शेती करते, माणसाला मात्र ती अजून बाजारापुरती पिकवता आलेली नाही. घरी, ओळखीच्या जाणत्या बाईकडून आणलेल्या, जरूर खा. भोजनालयात मात्र रानातली कोणतीही अळंबी शिजवू नका. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण रंग बदलतो, किड्यानं खाल्ली म्हणजे बरी, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. काही विषारी जातींचं विष शिजवून जात नाही. सहा-बारा तास काहीच कळत नाही, मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरं वाटतं आणि तेवढ्यात यकृत गेलेलं असतं. दोनशे ताटं वाढणाऱ्या माणसानं ही जोखीम घेऊ नये. आणि हो, धिंगरीला 'सात्या' म्हणून विकू नका. पूर्वेकडचा माणूस पहिल्या घासाला ओळखेल.

उन्हाळ्यात काय, असा प्रश्न येणारच. हिमाचलातल्या सोलनला १९९७ मध्ये मशरूम सिटी म्हणून जाहीर केलं, ते थंड हवेचं गाव. तिथलं बटन मशरूम १४ ते १८ अंशांत फुटतं. आपल्या ४५ अंशांत त्याची बरोबरी करायला गेलो तर विजेचं बिल अळंबी खाईल. पण दुधी अळंबी म्हणून एक आपल्याच देशातली जात आहे, बंगालातली, तिला तीस-पस्तीस अंश मानवतात. आणि मे महिन्यातल्या कोरड्या नागपुरात खोली तीसवर आणून वर दमटही ठेवणारं यंत्र आपल्या प्रत्येक घरात आहे: कूलर. दुधी धिंगरीपेक्षा टणक असते, जास्त टिकते, रश्श्यात आकार सोडत नाही. या मे महिन्यात वहिनीच्या ओसरीत जुना कूलर लावून वीस पिशव्या करून बघणार आहोत. जमलं तर कळवीन, नाही जमलं तरी कळवीन.

तर मागणं एवढंच. तुमच्यातल्या दहा जणांनी जरी श्रावणापासून पुढे फेब्रुवारीपर्यंत रोज तीन-तीन किलो धिंगरी घ्यायचं कबूल केलं, भाव आदल्या दिवशी फोनवर ठरवला आणि पैसे त्याच दिवशी दिले, तर मौद्याकडच्या दोन-तीन गटांचा गोठा चालू राहतो. धिंगरी बाहेर एक दिवसही धड टिकत नाही, फ्रिजमध्ये कागदात गुंडाळून चार-पाच दिवस. म्हणून उधारी आणि 'संध्याकाळी पाहू' हे दोन्ही तिला सोसत नाहीत. फलकावर 'मशरूम मसाला' लिहू नका, तो चौकातल्या प्रत्येक ढाब्यावर आहे. 'धिंगरी रस्सा' लिहा. गिऱ्हाईक विचारेल, धिंगरी म्हणजे काय? तेव्हा तुम्ही सांगालच.

ज्यांनी मला कुकुरमुत्त्यावरून हसून घालवलं होतं, त्यांना वेगळं: येत्या गुरुवारी सकाळी सात वाजता पहिल्या एसटीनं दोन किलो धिंगरी येते आहे. मी ती घेऊन तुमच्या मागच्या दारानं येईन. मसाला तुमचा, पैसे नकोत. तवा तेवढा तापवून ठेवा.

आपली,
महालातली एक निवृत्त शिक्षिका